अनुभव धागा: विमानांच्या कॉम्पोझिट भागांच्या निर्मितीत काम करणारे आपले वैदर्भीय

नागपूरच्या मिहान औद्योगिक क्षेत्रात बोईंग ७८७ विमानाचे कॉम्पोझिट (तंतूंचे थर रेझिनने, म्हणजे चिकट राळेने, एकत्र बांधून केलेले) फ्लोअर बीम, म्हणजे जमिनीखालच्या तुळया, तयार होऊ लागल्यापासून गावाकडची मुले-मुली या क्षेत्राविषयी विचारत असतात, परंतु त्यांच्यापर्यंत पोहोचते ती बहुधा जाहिरातींतली माहिती. या कामात प्रत्यक्ष असलेल्यांनी आपले रोजचे काम कसे चालते ते इथे सविस्तर लिहावे, ही विनंती.

दारव्हा, जि. यवतमाळ (प्रक्रिया अभियंता, सध्या हैदराबाद)

माझे बहुतेक काम वेळ आणि तापमान सांभाळण्याचे आहे. इपॉक्सी रेझिन आधीच मुरवलेले कार्बनचे कापड, म्हणजे प्रीप्रेग, उणे १८ अंश सेल्सियसला साठवतात, कारण बाहेर काढल्यापासून त्यातील रेझिन हळूहळू पिकू, म्हणजे घट्ट होऊ, लागते आणि बाहेरचा प्रत्येक तास रोलच्या कार्डावर नोंदवावा लागतो. थंड रोल लगेच उघडला तर हवेतील ओल कापडावर धरते, आणि तीच ओल ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाच्या बंद भट्टीत, १८० अंशांच्या आसपास वाफ होऊन थरांमध्ये पोकळ्या सोडते. म्हणून पिशवीवरचे दव पूर्ण सुकेपर्यंत सील उघडायचे नाही, मग उत्पादनाची कितीही घाई असो.

एका मे महिन्यात दिल्लीहून येणारी खेप वाहतूकदाराच्या ढिलाईमुळे नागपूरजवळ अडकून पडली. पेटी शाबूत होती, कापडही हाताला चांगले लागत होते, मात्र आतल्या तापमान-नोंदणी यंत्राचा आलेख मर्यादेच्या बराच वर गेला होता. तो महागडा माल विमानासाठी बाद करून प्रशिक्षणाला दिला. वरिष्ठांशी बराच वाद झाला, तरी तो निर्णय मला आजही योग्यच वाटतो, कारण रेझिन आधीच पिकलेले असल्याचा दोष तयार भागाच्या अल्ट्रासोनिक तपासणीत दिसेलच याची खात्री नसते.

आरमोरी, जि. गडचिरोली (ले-अप, म्हणजे थर रचण्याच्या कामातील तंत्रज्ञ)

दादांनी लिहिले ते अगदी खरे आहे. मी आयटीआय करून या कामाला लागले. बांबूकाम करणाऱ्या घरात वाढल्यामुळे तंतूची दिशा मला वेगळी शिकावी लागली नाही: बांबू लांबीच्या दिशेने भरपूर ताण सोसतो, पण उभा चिरायला कोयत्याचा एक फटका पुरतो, आणि कार्बनचेही तसेच आहे. म्हणून थर ०, ४५, उणे ४५ आणि ९० अंशांत, मध्याच्या दोन्ही बाजूंना सारखे रचावे लागतात, नाहीतर क्युअर होऊन, म्हणजे भट्टीत पक्का होऊन, निघालेला भाग वाकतो. प्रत्येक थराची सोललेली बॅकिंग फिल्म (पाठीवरचा संरक्षक पापुद्रा) मी ट्रेमध्ये क्रमाने ठेवते आणि थर व फिल्म यांची संख्या जुळल्याशिवाय पुढचा थर उचलत नाही, कारण फिल्मचा एक तुकडा आत राहिला तरी तिथे थर एकमेकांना धरत नाहीत. हाताला क्रीम चालत नाही, बांगड्याही चालत नाहीत. बांगड्यांवरून सासरी सुरुवातीला बोलणे झाले होते, पण कारण नीट सांगितल्यावर सासूबाईंनी तो विषय सोडला.

वरुड, जि. अमरावती (जोडणी विभाग)

जोडणीविषयी एवढेच सांगतो की, कार्बनला ॲल्युमिनियम थेट टेकले आणि ओल मिळाली तर ॲल्युमिनियम गंजते, म्हणून मध्ये काचतंतूचा थर देतात आणि फास्टनर (बोल्ट-रिव्हेटसारखे जोड) टायटॅनियमचे वापरतात. छिद्रे पाडताना उडणारी बारीक धूळ छातीसाठी वाईट असते, तेव्हा मास्क आणि धूळ ओढून घेणारे यंत्र यांबाबत कोणाचीही भीड ठेवू नये.

घाटंजी, जि. यवतमाळ (विद्यार्थिनी)

मी मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या महाविद्यालयात ऑटोक्लेव्ह नाही. अशा स्थितीत मी काय शिकावे?

दारव्हा

ताई, ऑटोक्लेव्हवाचून अडत नाही. काचतंतूचे कापड, इपॉक्सी, बॅगिंग फिल्म, सीलंट टेप आणि व्हॅक्यूम पंप एवढे मिळवा, हातमोजे घालून हवेशीर जागी काम करा. थरांवर फिल्म टेपने चिकटवून बॅग लावा, पंपाने आतली हवा काढा, मग पंप बंद केल्यावर गेजचा काटा किती घसरतो ते लिहून ठेवा आणि गळती शोधा, बहुधा ती कोपऱ्यातल्या घडीपाशी सापडेल. बेंगळुरूत बनणाऱ्या तेजस या लढाऊ विमानाच्या सांगाड्यात वजनाने सुमारे ४५ टक्के कॉम्पोझिट आहे, त्यामुळे बेंगळुरूकडेही संधी पाहा. मी मुलाखत घेतो तेव्हा पदवीच्या गुणांआधी उमेदवाराला हेच विचारतो, की गळती कुठे होती आणि ती कशी सापडली.