महामारीत मुलांना सार्वजनिक बागेत खेळायला न्यावे का?

प्रश्न (दांडिया बाजार, वडोदरा, जून २०२१):
कोरोनाची दुसरी लाट ओसरल्यावर कमाटीबाग पुन्हा उघडली आहे आणि माझी पाच वर्षांची मुलगी रोज संध्याकाळी चपला घालून दारात उभी राहते. घरात सासूबाई मधुमेही आहेत. झोपाळ्याच्या साखळ्यांना किती हात लागत असतील! तिला न्यावे की आणखी काही महिने थांबावे?

उत्तर १:
ताई, अवश्य न्या. मार्च २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात हा विषाणू प्लास्टिक आणि स्टीलवर ७२ तासांपर्यंत आढळला, म्हणून आपण भाजीसुद्धा साबणाने धुऊ लागलो. पण तो प्रयोगशाळेतला निष्कर्ष होता, आणि एप्रिल २०२१ मध्ये अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने दूषित पृष्ठभागाच्या एका स्पर्शातून संसर्ग होण्याची शक्यता साधारणपणे १०,००० त एकाहून कमी असल्याचे सांगितले. खरा धोका श्वासावाटे असतो आणि तो मोकळ्या हवेत पुष्कळ कमी होतो.

उत्तर २:
कमी होतो हे मान्य, परंतु घसरगुंडीच्या शिडीवर मुले एकमेकांना चिकटून उभी असतात, तिथे मोकळी हवा फारशी कामास येत नाही. रविवार टाळा, सकाळी लवकर जा. सासूबाईंचे लसीचे दोन्ही डोस झाले आहेत का? मला तो प्रश्न बागेपेक्षा महत्त्वाचा वाटतो.

उत्तर ३:
माझा नातू वर्षभर फ्लॅटमध्ये राहिला आणि आता दुसरे मूल जवळ आले की आजीच्या पदराआड लपतो. ही हानीही मोजली पाहिजे. मुलीला खोकला असेल त्या दिवशी मात्र नेऊ नका, आणि घरी आल्यावर आजीच्या मांडीवर बसण्याआधी तिचे हात धुवा.