मुलाखतीत 'आम्ही' नको, 'मी' हवं

सैन्यदलातली सेवा संपल्यावर बाहेर नोकरी कशी शोधावी, यावर इथे चर्चा चालू आहे. सेवा संपायच्या वर्ष-दीड वर्ष आधीच हालचाल सुरू करावी, हा त्यातला मुद्दा शंभर टक्के पटला. पण 'बायोडेटा एकदाच नीट बनवा आणि सगळीकडे तोच पाठवा' हा तिथलाच दुसरा सल्ला मला मान्य नाही. बऱ्याच मोठ्या कंपन्यांत अर्ज आधी सॉफ्टवेअर चाळतं आणि जाहिरातीतले शब्द अर्जात सापडतात का ते बघतं. माझ्या पहिल्या बायोडेटात हुद्दा, युनिट आणि कोर्सची लघुरूपं ठासून भरली होती. महिनाभर एक फोन आला नाही. मग 'स्टोअर इनचार्ज' खोडून 'सुट्या भागांचा साठा, मागणी, वार्षिक मोजणी, हाताखाली नऊ माणसं' असं लिहिलं आणि दर अर्जाला त्या जाहिरातीतले शब्द घातले. काम तेच होतं, पण समोरच्याला ते कळायला लागलं. (गोपनीय ठिकाणं, उपकरणांची नावं मात्र अजिबात लिहू नका.)

मुलाखतीबद्दल इथे कोणी बोललं नाही. सैन्यदलात आपल्याला 'आम्ही केलं' म्हणायची सवय लागलेली असते आणि ती चांगलीच आहे, पण समोरचा माणूस विचारत असतो की तुम्ही स्वतः काय केलंत. मला एकांनी मध्येच थांबवून विचारलं, "यात तुमचा भाग कोणता?" मला पटकन सांगताच येईना. त्या रात्री वही घेऊन बसलो आणि आठवतील ते दहा प्रसंग 'मी'ने सुरू करून लिहून काढले. पुढच्या मुलाखतीत त्यातले तीन उपयोगी पडले.