फ्लाय फिशिंग : माशी नेमकी कुठे शिंकते आहे? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

गेल्या ऑगस्टच्या शेवटी आम्ही चौघे मित्र कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटहून ईस्टर्न सिएराच्या डोंगरांत गेलो होतो. लिटल लेक्स व्हॅली, चिकनफूट लेकच्या वर थोड्या अंतरावर तंबू, तीन रात्री, दोन फ्लाय रॉड. मिळालेले मासे : शून्य. यंदा त्याच तळ्यावर जायचं ठरलंय आणि पुन्हा हात हलवत परत यायची इच्छा नाही. इथे कुणी सिएरात मासेमारी करणारं असेल तर कृपया मार्गदर्शन करा.

आधी थोडी पार्श्वभूमी. मी मालवणकडचा. लहानपणी आजोबांबरोबर खाडीवर गरवायला जायचो. गरीला कोलंबीचा तुकडा लावायचा, शिशाचं वजन बांधायचं, भिरकावायचं आणि बोटावर दोरी धरून बसायचं. त्यामुळे मासे पकडणं मला नवीन नाही, असा माझा समज होता. फ्लाय रॉड हातात घेतल्यावर तो पाच मिनिटांत उतरला. इथे माशीला (म्हणजे पिसं-दोरा बांधून किड्यासारख्या केलेल्या गळाला) वजनच नसतं, वजन असतं ते दोरीला. दोरी मागे पूर्ण उलगडायची, क्षणभर थांबायचं, मग पुढे टाकायची. माझ्या हाताला ते थांबणं जमत नाही. पहिल्या दिवशी माशी दोनदा माझ्याच टोपीत अडकली आणि एकदा पुणेकर मित्राच्या जॅकेटमध्ये. त्याचे उद्गार इथे लिहिता येणार नाहीत.

पण खरी अडचण फेकण्याची नाही, कारण तिसऱ्या दिवसापर्यंत वीस-पंचवीस फूट बऱ्यापैकी जात होतं. अडचण संध्याकाळची आहे. दुपारभर तिथे वारा असतो. साडेसहाच्या सुमारास तो पडला आणि काठापासून दहाएक फुटांवर पाण्यात एक गोल उठला. मग दुसरा. थोड्या वेळात सगळ्या तळ्यावर इतके गोल उठायला लागले की पाऊस आला की काय म्हणून मी तळहात पुढे केला. पाऊस नव्हता, मासे होते. गोलांच्या मधोमध माझी पॅराशूट अ‍ॅडम्स (दुकानदाराने अशा वीस माश्या गळ्यात मारल्या होत्या, सगळ्या १२ नंबरच्या; नंबर जितका मोठा तितकी माशी बारीक) निवांत तरंगत होती. एक मासा अगदी तिच्या खालपर्यंत आला, बघितलं आणि वळून गेला. त्याच्या अंगावरचे ठिपके मोजता आले असते इतकं पाणी स्वच्छ. तिन्ही संध्याकाळी हेच.

रॉड नऊ फुटी, ५ वेट (दोरीच्या वजनाचा नंबर). लीडर, म्हणजे जाड दोरी आणि माशी यांच्यामधला बारीक धागा, साडेसात फुटी, तयार मिळतो तो. लायसन्स चौघांची आहेत, वाइल्डरनेस परमिट काढलंय, स्टोव्हसाठीचं कॅम्पफायर परमिटही. तेव्हा कागदपत्रांबद्दल काही सांगू नका, मासे का खात नाहीत ते सांगा.

जाता जाता आणखी दोन गोष्टी. सोलापूरकर मित्र शुद्ध शाकाहारी आहे, त्याच्यासाठी खिचडी केली तर तूरडाळ दीड तास उकळूनही दाताखाली कचकचत होती. आणि मासे मिळालेच तर तिथे तळावेत का? मी रवा, हळद, तिखट आणि आगळाची छोटी बाटली नेली होती. सगळं तसंच परत आलं. पण अस्वलांच्या मुलखात तळलेल्या माशाचा वास म्हणजे आमंत्रणच की.

प्रतिसाद १

एक सांगा. मासा वर यायचा तेव्हा तोंड दिसायचं की पाठ? आणि गोल विरल्यावर मध्ये बुडबुडा राहायचा का?

धागाकर्ता

तोंड एकदाही दिसलं नाही. पाठीचा काळा कणा आणि शेपटीचं टोक. बुडबुड्याकडे लक्ष दिलं नव्हतं, पण फोनमधला व्हिडिओ आता पुन्हा बघितला. बुडबुडा नाही.

प्रतिसाद १

मग उत्तर तुमच्या व्हिडिओतच आहे. मासा पृष्ठभागावरचा किडा तोंडाने ओढून घेतो तेव्हा सोबत हवाही जाते, म्हणून बुडबुडा राहतो. तुमचे मासे पृष्ठभागाच्या दोन-चार इंच खाली खात होते. तळाच्या गाळातून मिज नावाच्या बारक्या किड्यांचे कोष संध्याकाळी वर येतात, पंख फुटायच्या आधी पाण्याच्या कातडीखाली अडकतात, आणि मासा ते टिपत जातो. वर तरंगणारी १२ नंबरची माशी त्याच्या दृष्टीने ताटातला दगड.

असं करा. वर १४ नंबरची तरंगणारी माशी ठेवा, तिच्या गळाच्या वळणाला दीड फूट टिपेट (लीडरच्या टोकाला असतो तसा बारीक धागा) बांधून खाली १८ किंवा २० नंबरची झीब्रा मिज (त्या कोषासारखी दिसणारी, बुडणारी माशी) सोडा. वरची माशी बुडाली किंवा नुसती आडवी सरकली की रॉड अलगद उचला. खाडीतला हिसका इथे द्यायचा नाही, ५एक्स जाडीचा टिपेट तटकन तुटेल. लीडर साडेसात फुटी फार आखूड, बारा फुटांपर्यंत वाढवा. आणि पाण्यात उतरून उभे राहत असाल तर ते बंद करा. या तळ्यांत मासे काठालगत, जिथे उथळ पाणी एकदम खोल होतं त्या कडेने फिरतात. तुम्ही ज्यांच्यासाठी लांब फेकता ते तुमच्या पायाशी असतात.

दुपारी वारा असताना झोपा काढू नका. वारा ज्या काठावर येऊन आदळतो तिथे जा. मुंग्या, भुंगेरे सगळे वाहून तिथेच जमतात. काळी मुंगी, १६ नंबर. तेव्हा मात्र वर तरंगणारी चालते.

प्रतिसाद २

तूरडाळीला दोष देऊ नका. ट्रेलहेडच (पायवाट सुरू होते ती जागा) १०,२०० फुटांवर आहे आणि चिकनफूट त्याहून सहाशे फूट वर. तिथे पाणी नव्वद अंशांच्या आसपासच उकळतं, कुकरशिवाय तूर शिजणार कशी? घरी शिजवून, वाळवून न्या. नाहीतर मसूर न्या, तोही सालाशिवायचा.

मासे जरूर तळा. शेकोटीला एवढ्या उंचीवर बंदी आहे, पण गॅसच्या स्टोव्हवर रवा लावलेला ब्रूक ट्राउट छान होतो, सहा-सात इंचांचा अख्खाच तळायचा. तंबूपासून सत्तर-ऐंशी पावलं लांब, जेवायचंही तिथेच. आतडी तळ्यात टाकायची नाहीत, पाण्यापासून दोनशे फुटांवर पुरायची. तळताना घातलेला शर्ट तंबूत नको. मसाल्याच्या पुड्या, आगळ, टूथपेस्टसुद्धा अस्वलडब्यात (अस्वलाला उघडता न येणारा डबा). साडेअकरा लिटरच्या एका डब्यात चौघांचं तीन दिवसांचं मावणार नाही, दोन घ्या.

आणि ब्रूक ट्राउट खाल्ल्याचं वाईट वाटून घेऊ नका. या वरच्या तळ्यांत मुळात मासेच नव्हते. ते एकोणिसाव्या शतकापासून माणसांनी नेऊन सोडले, आणि ब्रूक तर देशाच्या पूर्वेकडचा. त्यांची इतकी दाटी होते की वाढच खुंटते, म्हणून सगळे वीतभर. तिथल्या पिवळ्या पायांच्या बेडकांचं मात्र या माशांपायी फार नुकसान झालं.

ता. क. बे एरियातून निघून त्याच दिवशी वर चढू नका. एक रात्र खाली टॉम्स प्लेसच्या आसपास, सात हजार फुटांवर काढा, म्हणजे उंची बाधणार नाही.

धागाकर्ता

दोघांचे मनापासून आभार. डोकेदुखीचं मी लिहिलं नव्हतं, पण पुणेकराची पहिली रात्र ओकण्यात गेली होती, त्यामुळे ता. क. मान्य.

एक शंका राहिली. चौघांत रॉड दोनच. उरलेल्या दोघांकडे साधे स्पिनिंग रॉड आहेत. त्यांनी नुसतं बघत बसायचं का?

प्रतिसाद १

मुळीच नाही. पारदर्शक प्लास्टिकचा फुगा मिळतो, त्यात अर्धं पाणी भरलं की त्याचंच वजन होतं. फुग्यामागे पाच-सहा फूट बारीक दोरी आणि तीच माशी. फेका आणि अगदी सावकाश गुंडाळा. पहिला मासा बहुतेक त्यांनाच मिळेल, हे आत्ताच सांगून ठेवतो.

तुम्ही मात्र गळ काढून टाका, लोकरीचा तुकडा बांधा आणि गवतावर रोज वीस मिनिटं फेका. मागे फेकल्यावर मान वळवून दोरी सरळ झालेली डोळ्यांनी बघा, मगच पुढे.

धागाकर्ता

आजपासून सुरू केलं. मागच्या अंगणात बायकोची लाल लोकर बांधून. शेजारच्या मांजराने तिसऱ्याच फेकीला घेतली.