युगांडाची केळी, रावेरचा हरण्या आणि गळ्यातले पट्टे

कांदेबाग_रावेर
दोन दिवस झाले, कृषीच्या पोरांची एक पोस्ट सगळ्या ग्रुपांवर फिरतेय. आंतरराष्ट्रीय विकासावरच्या परिषदेला जाऊन आलेल्या चार-पाच तरुण संशोधकांनी 'आम्ही काय शिकलो' ते लिहिलंय. सार काय, तर शेतकऱ्याचं ऐका, त्याला संशोधनात भागीदार करा, आफ्रिकेकडून शिका. सोबत गळ्यात पट्टे घातलेला फोटो. एवढ्यासाठी विमानात बसावं लागलं? रावेर स्टेशनला उतरले असते तर पहिल्या टपरीवर चहासोबत फुकट ऐकायला मिळालं असतं.

उदाहरण युगांडाचं. २००१ मध्ये तिथे केळीवर झँथोमोनस मर आली, झाड वाळवणारा रोग. आधी सांगितलं अख्खं बेट, म्हणजे एका कंदातून फुटलेली सगळी झाडं उपटा, लोक उपटेनात. मग संशोधकांनी दाखवलं की फक्त रोगट खोड जमिनीलगत कापत राहिलं तरी रोग आटोक्यात राहतो. छान. पण तो जिवाणू! आमच्याकडे केळीवर सीएमव्ही, म्हणजे कुकुंबर मोझॅक व्हायरस, आम्ही त्याला हरण्या म्हणतो. विषाणू आहे तो, मावा ही कीड एका बागेतून दुसऱ्या बागेत नेतो. झाड मुळासकट काढून गाडण्याशिवाय इलाज नाही. दीड बाय दीड मीटरवर हेक्टरी ४,४४४ झाडं बसतात. कर्ज काढून लावलेल्या नव्या बागेतली झाडं ऑगस्टच्या झिमझिमीत स्वतःच्या हातानं उपटायची, हे त्या फोटोतल्या कुणी कधी केलंय का?

नवसंशोधक_धुळे
काका, त्या फोटोत मी आहे, डावीकडून दुसरी. हरण्यावर खोड कापा असं आम्ही कुठे लिहिलंय? पोस्ट पुन्हा वाचा. शिफारस कुणी पाळेना तेव्हा तिथे शेतकऱ्याला अडाणी ठरवून फाइल बंद केली नाही. का पाळत नाहीत ते शोधलं. बेट उपटायला माणसं लागतात, आणि मटोक्याचं, म्हणजे तिथल्या शिजवून खायच्या केळीचं बेट म्हणजे घरातलं रोजचं जेवण. मग शिफारसच बदलली. आपल्याकडे 'काकडीवर्गीय आंतरपीक घेऊ नका, तण काढा, रोगट झाडं उपटा' हेच पत्रक दरवर्षी निघतं. लोक का उपटत नाहीत, हे विचारलं कुणी?

यावलकर_आप्पा
मला विचारा. उपटलेल्या झाडाचे पैसे कोण देणार? फळपीक विमा हवामानावर आधारित. थंडी, ऊन, वारा. रोगाचा त्यात पत्ता नाही. बरं, थंडी तरी नीट मोजता का? यंत्र महसूल मंडळाचं, माझी बाग सातपुड्याच्या पायथ्याशी. थंडीचा चरका बसून पानं पिवळी, घड अडकले, आणि यंत्र म्हणतं थंडी नव्हतीच!

तापीकाठ
आप्पा, विषय संशोधनाचा चाललाय.

यावलकर_आप्पा
मग यंत्र कुठे बसवायचं हे काय भजनी मंडळ ठरवणार का भो? यावर करा पीएचडी.

तापीकाठ
यंत्र बांधाबांधावर बसवलं तर हप्ता परवडेल का तुम्हाला? आणि विम्यासाठी फक्त कागदावर केळी दाखवणारे पण आहेत आपल्यातच. त्यांच्यावर लिहा की.

यावलकर_आप्पा
चोर शोधायचे तर शोधा. माझी बाग कागदावर नाही, येऊन मोजा! दरवेळी शेतकऱ्यालाच चोर म्हणायचं, लाज वाटते का?

पारोळेकर
आप्पा, तुमनं खरं शे. पण आफ्रिका निघालीच आहे तर कापसाचं ऐका. पश्चिम आफ्रिकेतल्या बुर्किना फासोनं २००८ ला बीटी, म्हणजे बोंडअळी रोखायला जनुक बदललेलं बियाणं घेतलं. अळी कमी झाली, उत्पन्न वाढलं, पण धागा आखूड निघू लागला. त्यांच्या कापसाला भाव लांब धाग्याचा. २०१६ पर्यंत त्यांनी बीटी बंद केलं. आपल्याकडे २००२ ला आलं, २०१७ ला गुलाबी बोंडअळीनं बोंडं पोखरली, तरी दुकानात पाकीट तेच. परत फिरायचं म्हटलं तर सरळ वाणाचं, म्हणजे संकरित नसलेलं बियाणं शोधत बसा.

कांदेबाग_रावेर
हे पटलं. पटलं कारण परिषदेतल्यांनी नाही, पारोळ्याच्या माणसानं सांगितलं.
आता माझं ऐका. एका संस्थेनं माझ्या बागेत प्रयोग लावला होता. झाडांना चिठ्ठ्या बांधल्या, खोडाचे घेर मोजले, 'सहभागी शेतकरी' म्हणून फलक ठोकला. निकाल विचारायला फोन केला तर साहेब बदलून गेलेले. फलकाचा पत्रा गोठ्यावर टाकलाय, पाऊस तरी अडतो. भागीदार म्हणे!

नवसंशोधक_धुळे
हे फक्त इथलं नाही. २०२५ मध्ये अमेरिकेनं यूएसएड, ही त्यांची परदेशी मदत देणारी संस्था, गुंडाळली तेव्हा कितीतरी देशांत शेतातले प्रयोग मध्येच सुटले. तिथल्या शेतकऱ्यांनाही निकाल मिळाला नाही. परिषदेत जेवणाच्या रांगेत सगळे तेच बोलत होते. पोस्टमध्ये घातलं नाही, कारण पुढची फेलोशिप त्याच रांगेतल्या कुणाकडे तरी मागायची आहे. आता हे पण फिरवा ग्रुपांवर.

कांदेबाग_रावेर
हे आधी लिहिलं असतं तर मी एवढं लांब लिहिलंच नसतं. ऑगस्टमध्ये या ताई, झाडं उपटायला. फावडं माझं. आणि का उपटत नाही ते विचारायला वही आणा.

यावलकर_आप्पा
थंडीत पण या. येताना तापमापक आणा.