पोड : तो की ते? आणि ‘पाडा’ का नको?

कापूसकोंड्या :
तालुक्याच्या एका स्मरणिकेसाठी कोलाम आदिवासींवर चार पानं लिहून दिली होती. प्रूफ हातात पडलं तर मुद्रितशोधकांनी ‘पोड’ (म्हणजे कोलामांची वस्ती) हा शब्द सगळीकडं काढून ‘पाडा’ घातलाय! ‘पोडावर गेलो’चं ‘पाड्यात गेलो’ झालंय. फोन केला तर म्हणाले, पोड हा प्रमाण मराठी शब्द नाही, आणि असलाच तर त्याचं लिंग सांगा. लिंगाशी अडलो. यवतमाळ जिल्ह्यातल्या केळापुरात आयुष्य गेलं, पण तो पोड की ते पोड हे कधी मनातही आलं नव्हतं. जाणकारांनी सांगावं.

शुद्धाक्षरी :
शोधकांची बाजू समजून घ्या. स्मरणिका नाशिकचा माणूसही वाचेल, त्याला पाडा कळतो. पहिल्यांदा येईल तिथं ‘पोड (पाडा)’ असं द्या, पुढं पाडाच ठेवा. बोलीतले शब्द अवतरणात शोभतात.

घाटंजीवाली :
काहून बाप्पा? मंग बंजाऱ्यांच्या तांड्यालेही पाडाच म्हणाल काय? आमच्या इकडं वस्तीचं नाव घेतलं की वस्ती कोणाची ते आपोआप कळते. बंजाऱ्यांचा तांडा, पारध्यांचा बेडा, कोलामांचा पोड. मेळघाटात कोरकूंचा ढाना. गोंदिया-गडचिरोलीकडं टोला. जिवती-राजुऱ्याकडं गेलात तं कोलामांच्याच वस्तीलेही गुडा म्हणतात. पाडा म्हटलं की मले डहाणू-जव्हार दिसते, पांढरकवडा नाही. मी नोकरीच्या गावी जात होती तेव्हा एसटीचा कंडक्टर फाट्यावर बेल मारून ओरडायचा, “पोडवाले उतरा!” टोपल्यांची चळत डोक्यावर घेतलेल्या बाया उतरायच्या. एकीनंही त्याले लिंग विचारलं नाही.

विभक्तीप्रत्यय :
लिंगाचं पाहू. ‘पोडावर’, ‘पोडाचा’ अशी रूपं होतात, म्हणजे स्त्रीलिंग बाद. पण पुल्लिंग की नपुंसक हे सामान्यरूपावरून ठरत नाही, ‘घरावर’ आणि ‘डोंगरावर’ सारखेच चालतात. कस अनेकवचनात लागतो. ‘तालुक्यातले सगळे पोड’ म्हणता की ‘तालुक्यातली सगळी पोडं’? आणखी एक, तुमच्या शोधकांनी ‘वर’चा ‘त’ केला, ती खरी चूक. शेतावर, तांड्यावर, बेड्यावर, तसं पोडावर. गावात जातात, वस्तीवर जातात. पाडा घालायचाच होता तर निदान ‘पाड्यावर’ तरी करायचं.

कापूसकोंड्या :
आई म्हणायची ‘सगळे पोड’. पेपरवाले ‘पोडं’ही लिहितात आणि ‘पोड’ही.

नुसताच_वाचक :
तेलुगूत ‘पोडू’ म्हणजे जंगल तोडून-जाळून केलेली फिरती शेती. कोलाम पूर्वी तीच करत, जंगलं राखीव झाली तसे खाली सरकले. पोडू करणाऱ्यांची वस्ती ती पोड. सुटला प्रश्न.

शुद्धाक्षरी :
ध्वनी जुळला की व्युत्पत्ती सापडली! या हिशेबानं तुमचं ‘पोट्टं’ही पोडूवरून आलं असेल. माझ्या मते पाडा, पाडे, पोड एकाच घरातले. म्हणूनच शोधकांचा बदल मला खटकत नाही.

नुसताच_वाचक :
तुमचं तरी काय, ध्वनी जुळवणंच ना? फक्त तुमचा ध्वनी पुण्याजवळचा.

मारेगावचा :
मी कोलाम आहे, पोडावरच राहतो. बरेच दिवस वाचतो, आज लिहितोय. घरी आम्ही कोलामी बोलतो. घराला ‘एल्ला’, पाण्याला ‘ईर’, विस्तवाला ‘किस’. आमच्या बोलीत तुमच्यासारखी तीन लिंगं नाहीत. पुरुष एकीकडं, बाकी सगळं दुसरीकडं. क्रियापदाला बाई, बैल, झाड, वस्ती एकाच पंगतीत. मोजतानाही दोन पुरुष असले तर ‘इद्दर’, दोन बैल असले तर ‘इंदिंग’. तीन ‘मूंदिंग’, चार ‘नालिंग’. त्यापुढं आमच्या घरी मराठीच सुरू होते, बाजारात तीच लागते. बायको हसते याला. तुम्ही कोलाम म्हणता, आम्ही स्वतःला कोलावर म्हणतो.

घाटंजीवाली :
बाया आणि बैल एका पंगतीत? कोणी ठरवलं हे!

मारेगावचा :
ताई, मी नाही ठरवलं.

विभक्तीप्रत्यय :
हे कोलामीपुरतं नाही. पुरुष आणि पुरुषेतर अशी वाटणी तेलुगूतही एकवचनात आहे. कोलामी मध्य द्रविड गटातली, नाईकी, परजी, गदबा या तिच्या भावकीतल्या. गोंडी शेजारची असली तरी गट वेगळा. भाषाशास्त्रज्ञ मरे इमेनो यांनी १९५५ साली कोलामीचं व्याकरण छापलं, ते वर्ध्याकडच्या बोलीचं. आता ‘ईर’ पाहा. तमिळमध्ये ‘नीर’, आणि आपल्या अभंगांतलं नीरही तेच.

शुद्धाक्षरी :
नीर संस्कृत आहे. उगाच द्रविडांच्या विहिरीत ढकलू नका.

विभक्तीप्रत्यय :
संस्कृतात आहेच, आलं कुठून हा प्रश्न आहे. तिथं द्रविड मूळ मानणारे अभ्यासक पुष्कळ आहेत.

शुद्धाक्षरी :
पुष्कळ म्हणजे किती? वेगळा धागा काढा, मी तयार आहे.

नुसताच_वाचक :
मग ‘कोलाम’ कशावरून? तेलुगूत ‘कोल’ म्हणजे काठी. बांबूकाम करणारे, म्हणून कोलाम. टोपल्या, ताटवे, सुपं यांच्याकडचीच.

मारेगावचा :
बांबू आता वन खात्याच्या परवानगीनं मिळतो, तेव्हा काठीचं नाव नको. तेलुगू लोक आम्हाला मन्नेरवारलू म्हणतात. सरकारी यादीतही ‘कोलाम, मन्नेरवारलू’ असंच आहे. नावं ठेवणारे नेहमी बाहेरचे. आदिलाबादकडचे गोंड कोलामांना पुजारी म्हणत आले, त्यांच्या देवाची पूजा आमची माणसं करतात. ते नाव मात्र आम्हाला चालतं.

कापूसकोंड्या :
नावावरून आठवलं. २०२० च्या डिसेंबरात मंत्रिमंडळानं जातिवाचक वस्त्यांची नावं बदलायचा निर्णय घेतला. महारवाडा, मांगवाडा जाऊन समतानगर, भीमनगर वगैरे. त्यात ‘कोलामपोड’ धरायचं का? आमच्याकडं एकजण म्हणतात धरायचं, ‘क्रांतिनगर’ करा.

शुद्धाक्षरी :
तत्त्व एकच असेल तर बदलायलाच हवं. एकाला सूट, दुसऱ्याला नियम, असं चालत नाही.

मारेगावचा :
एक नाही. तुम्ही ज्याला वाडा म्हणता तो गावानं गावाबाहेर ठेवला. पोड आम्ही स्वतः वसवला. मधोमध चावडी असते. पाहुणा आला की आधी तिथं टेकतो, भांडण असलं की तिथंच मिटतं. क्रांतिनगर केलं तर चावडीला काय म्हणणार, सांस्कृतिक सभागृह? कातकरी, माडिया गोंड आणि कोलाम या तीन आदिम जमाती म्हणून राज्याच्या कागदावर आहेत. योजनेचा फॉर्म भरताना कोलाम लिहा म्हणता आणि फलकावर लिहू नका म्हणता.

विभक्तीप्रत्यय :
थांबा, थांबा. तुम्ही ‘पोड वसवला’ लिहिलंत. म्हणजे पुल्लिंग!

मारेगावचा :
मोबाइलनं लिहिलं ते. हा कोलामचं तर ‘कॉलम’ करतो.

घाटंजीवाली :
मीही वर ‘कोलामांचा पोड’ लिहिलं ना, ते नाही दिसलं तुमाले? पण माह्या सासूबाई वर्ध्याच्या, त्या ‘ते पोड’ म्हणत. घरात दोन्ही चालायचं, जेवण काही थांबलं नाही.

नुसताच_वाचक :
ताई, तुम्ही वर पारध्यांचा बेडा म्हणालात. कन्नडमध्ये ‘बेड’ म्हणजे शिकारी. पारधी म्हणजेही शिकारीच. हा धागा लागतो का?

शुद्धाक्षरी :
झालं, आता कन्नड. बेडा म्हणजे वेढा, कुंपण घातलेली जागा. हिंदीतला बाडा पाहा.

नुसताच_वाचक :
पारध्यांचं कुंपण पाहिलंय कधी? पाल असतं त्यांचं, पाल!

घाटंजीवाली :
पाल असते की असतो हे आता विचारू नका म्हंजे झालं.

कापूसकोंड्या :
उद्या सकाळी प्रूफ परत द्यायचंय हो. ‘पाडा’ काढून ‘पोड’ करतोच आहे, पण अनेकवचन काय लिहू ते सांगा पटकन.

विभक्तीप्रत्यय :
पोडचं की बेड्याचं?