मदत हवी आहे : ट्यूब न चिमटता मागचा टायर लवकर कसा चढवावा?

सर्व जाणकारांना नमस्कार. मी बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यात राहतो आणि जांबोटी-कणकुंबी भागातील तांबड्या मातीच्या, जांभा दगडाच्या वाटांवर एक्सपल्स 200 मोटरसायकल घेऊन एन्ड्युरोचा, म्हणजे खडतर वाटांवरच्या लांब पल्ल्याच्या शर्यतीचा, सराव करतो. 1913 साली इंग्लंडमधील कार्लाइल येथे सुरू झालेल्या सहा दिवसांच्या आंतरराष्ट्रीय एन्ड्युरो स्पर्धेत स्पर्धकाला मोजक्या मिनिटांत स्वतःच्याच हातांनी टायर बदलावा लागतो. तेच बंधन मी सरावात स्वतःला घालून घेतले आहे. मागच्या 120/80-18 टायरला मला सध्या 24 मिनिटे लागतात. ती निम्म्यावर आणायची माझी मनापासून इच्छा आहे.

चाक काढणे, चेनचा ताण बघून ते परत बसवणे, जुना टायर उतरवणे यांत अडचण नाही. घोडे अडते ते नव्या टायरची दुसरी कड चढवताना. शेवटची वीतभर कड उरली की ती दगडासारखी घट्ट होते, मी टॉमीवर (टायर चढवायच्या लोखंडी पट्टीवर) जोर देतो आणि टॉमीचे टोक ट्यूबला लागते. गेल्या रविवारी हवा भरताच आतून बारीक फुसफुस ऐकू आली. ट्यूब बाहेर काढून पाहिली, तर तिच्यावर नखाएवढी, चंद्रकोरीसारखी चीर होती.

समोरच्या बाजूची कड रिमच्या मधल्या खोलगट भागात गुडघ्याने दाबून ठेवली की इकडे ढील मिळते, हे मला समजते. परंतु पुढची टॉमी घेण्यासाठी वळलो की गुडघा सुटतो आणि ती कड पुन्हा वर सरकते. शिवाय टायर रिमवर घसरू नये म्हणून त्याची कड आतून आवळून धरणारा रिम-लॉक मी बसवून घेतला आहे, आणि तो आत ढकलून धरला नाही तर कड त्याच्यावरच अडकते. साबणाचे पाणी लावतो, पण उन्हात ते लगेच वाळते.

रिम-लॉक असताना सुरुवात नेमकी कुठून करावी आणि शेवटची वीत व्हॉल्वपाशी यावी की त्याच्या समोर? ट्यूबमध्ये आधी किती हवा ठेवावी? चाक जमिनीवर न ठेवता बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतून लोखंडी स्टँड करून घेतल्यास गुडघ्याचा दाब टिकेल का, आणि त्याची उंची किती असावी? ट्यूबऐवजी टायरमध्ये बसवायचा फोमचा मूस पंक्चर होत नाही हे खरे, पण मी सरावाला घरून डांबरी रस्त्यानेच गाडी चालवत जातो आणि तिथे तो तापून लवकर खराब होतो, म्हणून कृपया ट्यूब गृहीत धरूनच उत्तर द्यावे. स्वतः हाताने टायर चढवणाऱ्यांनी आपला क्रम सविस्तर लिहिल्यास मी फार आभारी राहीन.