मदत हवी आहे : पाखाडीवरून ओझं न्यायला टिकाऊ घमेली, बादल्या, टोपल्या

नमस्कार मंडळी,

आमची वाडी दापोलीकडे. एकरभरही नाही. चाळीसेक माड, त्यांच्या सावलीत पोफळी. घर आणि गोठा वर, वाडी खाली, मध्ये जांभ्याची पाखाडी, बावन्न पायऱ्यांची. तेव्हा 'एकचाकी गाडी घ्या' हा सल्ला कृपया नको. घेतली होती. ती आता पडवीमागे उलटी पडलीये, तिच्याखाली कोंबडी अंडी घालते. आमच्याकडे जे जायचं ते डोक्यावर, कमरेवर नाहीतर हातात.

दोन वर्षांत प्लास्टिकची चार घमेली संपली. चौथं परवा. ओलं शेण भरून उतरत होते, अर्ध्या वाटेत काठ माझ्या हातात राहिला आणि उरलेलं घमेलं शेणासकट पुढे गेलं. तुकडा धुऊन पाहिला तर काठाखालच्या वळणावर जुन्या पांढऱ्या रेघा होत्या, म्हणजे ते बरेच दिवस तुटतच होतं. दुकानदार 'अनब्रेकेबल' म्हणाला होता. सासूबाई म्हणतात, उन्हात कोणी पालथं ठेवलं होतं? (मीच.)

लोखंडी घमेल्याचं वेगळंच. सासऱ्यांच्या वेळचं एक अजून शाबूत आहे, मी आणलेल्याची दोन पावसाळ्यांत चाळण झाली.

न्यायच्या वस्तू: रोजचं शेण, पोफळींच्या बुंध्यात घालायला पातेरा (वाळका पाला), वर आणायला नारळ, आणि जीवामृत (शेण-गोमूत्राचं पातळ खत). ते गोठ्याजवळ 200 लिटरच्या पिंपात करतो आणि बादल्यांनी खाली नेतो. बादलीची कडी जिथे अडकते तो कान आधी जातो.

एकदाच पैसे घालून पाच-सात वर्षं बघायला नको, असं काही आहे का? वापरणाऱ्यांनीच सांगा.

---

प्रतिसाद १

ताई, लोखंडी घमेलं घेताना गेज विचारा. आकडा जितका लहान तितका पत्रा जाड. 18 गेज म्हणजे साधारण 1.2 मिमी, 22 म्हणजे 0.7. सासऱ्यांचं आणि तुमचं दोन्ही काट्यावर ठेवा, उत्तर तिथेच मिळेल. मात्र जाड असलं तरी गोमूत्र पत्रा खातंच, जस्ताचा मुलामाही टिकत नाही. शेणाला लोखंड नकोच. माती, रेती, दगडाला ठेवा.

शेणाला टायरच्या रबराचं घमेलं बघा. बांधकामाच्या सामानाच्या दुकानात मिळतं. जड असतं, वास येतो, दिसायला भयंकर. पण पायरीवर आपटलं तरी फुटत नाही, वाकतं आणि परत सरळ होतं. त्यात गुरांना आंबोण मात्र देऊ नका.

---

प्रतिसाद २

काळं प्लास्टिक हलक्या दर्जाचं असतं असं सगळे सांगतात, ते अर्धंच खरं आहे. ठिबकच्या नळ्या काळ्या असतात त्या काजळी मिसळलेली असते म्हणून, आणि त्या काजळीमुळेच उन्हात टिकतात. भंगार वितळवून केलेलं घमेलंही काळंच दिसतं, ही पंचाईत. रंगावर जाऊ नका. दुकानातच काठ दोन्ही हातांनी आत दाबा. करकरला किंवा पांढरी रेघ उमटली तर ठेवून द्या. तळाला त्रिकोणात 2 किंवा 5 आकडा असतो, निदान काय प्लास्टिक आहे ते कळतं.

जीवामृताला रंगाचे 20 लिटरचे रिकामे डबे. रंगकाम करणाऱ्यांकडे पडून असतात. फक्त पाण्याच्या रंगाचे घ्या, ऑइल पेंटचे नको. आणि काठोकाठ भरू नका. 20 लिटर म्हणजे डब्याच्या वजनाशिवाय 20 किलो, पायऱ्यांवर एका हातात! दोन डबे, दोन्ही हातांत, दहा-दहा लिटर. तोल राहतो.

---

प्रतिसाद ३

पातेऱ्याला बांबूच्या हाऱ्यासारखं काही नाही. हलका, आडवातिडवा भरला तरी चालतो, डोक्यावर वारा लागतो. आमच्या सिंधुदुर्गात माणगा जातीच्या बांबूचा करतात. बुरुडाला विचारा बांबू कधी तोडलेला. पावसाळा संपल्यावरचा असेल तर कमी किडतो. बांबूत साखर-पिष्ट जास्त असलं की त्यावर भुंगा येतो आणि टोपलीखाली पिठासारखी भुकटी पडायला लागते. तळ शेणाने सारवा, काम झालं की चुलीवरच्या माळ्यावर टाका. धूर लागलेली टोपली माझ्या आईची अकरा वर्षं चालली.

नारळ हाऱ्यात नको, तळ बसतो. सोलून गोणपाटात पंचवीस-तीस, बस. सिमेंटच्या प्लास्टिक गोणी उन्हात एका हंगामात भुगा होतात आणि ते धागे जन्मभर मातीत सापडतात.

---

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. दोन्ही घमेली तोलली. सासऱ्यांचं 2 किलो 300, माझं दीड किलोलाही थोडं कमी. दोन्ही एकाच मापाची! मी इतकी वर्षं घमेल्याचा घेर बघून घेत होते.

रंगाचे दोन डबे गावातल्याच कामावरून मिळाले, फुकट. कडीची तार हाताला कापते म्हणून जुना पाइप चिरून तिच्यावर बसवला. रबरी घमेलं तालुक्याला मिळेल असं कळलंय.

एक शंका राहिली. रबरी घमेलं रिकामंच जड, तर भरलेलं डोक्यावर चुंबळीवर नीट बसतं का? की तळ मऊ असल्यामुळे मध्येच खाली दबतं आणि काठ डोळ्यांवर येतो? कोणी डोक्यावरून नेलं असेल तर शनिवारच्या आत सांगा, शनिवारी बाजाराला जातेय.

---

प्रतिसाद १

दबतं. अर्धं भरा, चुंबळ रुंद करा. नाहीतर कमरेवर.